सोळाव्या किलोमीटरच्या टेबलामागून

लातूर, सोमवार

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री तुला गाडीत बसवून आल्यापासून हे डोक्यात घोळतंय. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो आई, बरं आई’ म्हणत राहतोस आणि माझं बोलणं मधेच तुटतं. म्हणून लिहायलाच बसले.

काल जेवताना तू सकाळच्या हाफ मॅरेथॉनमधल्या, एकवीस किलोमीटरच्या शर्यतीतल्या, त्या निळ्या टी-शर्टवाल्याचं जे जे सांगितलंस, ते खरंच असणार. सुरुवातीलाच कोपरं मारत पुढं घुसला. पहिल्या चौकात एका बाईला ‘चालायचंय तर बागेत जा’ म्हणाला. चौदाव्या किलोमीटरच्या यू-टर्नला आतून कापत तुला असा धक्का दिला की तू दुभाजकावर हात टेकलास. तुझा सोललेला तळहात मी बघितला. चार महिने पहाटे उठून तू तयारी केलीस, ऑफिस सांभाळून केलीस, आणि कुणीतरी आडदांड येऊन असं करतो म्हटल्यावर रक्त उसळणारच. ऐकताना माझंही उसळलं.

पण पुढचं तू सांगितलं नाहीस. तुला ते आठवतही नसेल. मला आठवतंय, कारण मी तिथं होते.

माझी ड्यूटी शेवटच्या तंबूत होती, हे तुला माहीत होतं. शनिवारी रात्री तू झोपल्यावर फोन आला की सोळाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर सगळ्या शाळेतल्या पोरी आहेत, एखादं जाणतं माणूस पाहिजे. म्हणून पहाटे तुझ्या बाबांनी मला औसा रोडला सोडलं. थंडी होती. कानटोपी घातलेली, वरून स्कार्फ गुंडाळलेला. तू आलास तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर ओआरएस कालवत होते. तू बघितलंही नाहीस. त्याचा राग नाही, धावताना कोण कुणाकडं बघतं.

माझ्या डाव्या हाताला आठवीतली एक पोरगी होती. पहाटे साडेचारपासून उभी. उजाडायच्या आत मी तिला शिकवलं होतं की ग्लास मुठीत आवळायचा नाही, वरच्या कडेला दोन बोटांनी धरायचा, हात लांब करायचा, आणि धावणाऱ्यानं धरला की आपला हात त्याच्यासोबत जरा मागं न्यायचा, म्हणजे पाणी सांडत नाही. तिनं रिकाम्या ग्लासानं दहा-बारा वेळा सराव केला. मैत्रिणीला पळायला लावून केला. पहिले धावपटू आले तेव्हा तिचा हात इतका बरोबर गेला की मला कौतुक वाटलं.

मग तो निळा टी-शर्ट आला. ग्लास न घेता टेबलावरूनच हात फिरवला, दोन उचलले, बाकीचे आडवे झाले. निम्मं पाणी त्या पोरीच्या स्वेटरवर. ती घाईघाईनं ग्लास उभे करून परत भरत होती, तेवढ्यात तू आलास. तिचे हात ओले होते आणि गारठ्यानं थरथरत होते. तुझ्यापुढं तिनं धरला तो ग्लास अर्धाच भरलेला होता. तू म्हणालास, ‘झोपा काढायलीस का? अर्धा ग्लास देतेत होय? जमत नाही तर उभं कशाला राहता?’ आणि ग्लास तिच्या पायाशी फेकून गेलास.

ती रडली नाही. वाकून ग्लास उचलला, ड्रममध्ये टाकला आणि मला विचारलं, ‘काकू, माझं काय चुकलं?’

मी म्हटलं, ‘तुझं काही चुकलं नाही, बाई.’ हा माझा मुलगा आहे, हे मला सांगता आलं नाही. सोन्या, तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून वाडी-तांड्यांवर फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, दारं तोंडावर लावून घेतली, पण एवढी मान खाली गेल्याचं मला आठवत नाही.

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. राग होता त्या माणसावर. तो तगडा होता, पुढं निघून गेला होता, उलटून बोलला असता. निघाला तो चौदा वर्षांच्या पोरीवर, कारण ती काही बोलणार नव्हती. तू फार वाईट आहेस म्हणून हे लिहीत नाहीये. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून लिहितेय, आणि ते तुला कधी सांगितलं नाही.

2016 चा उन्हाळा तुला आठवत असेल, तू बारावीला होतास. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, इतकी भांडणं व्हायची. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते. पण ते पाणी शुद्ध होऊन, टँकरमध्ये भरून गल्लीत येईस्तोवर रांग ती रांगच. आपल्या गल्लीत माणसं नसायची रांगेत, घागरी असायच्या. प्रत्येकाची घागर म्हणजे त्याचा नंबर. मी रात्रपाळी करून आले होते, माझी घागर सहावी होती. टँकर आला तेव्हा बघते तर ती अकरावी. कुणी सरकवली तेही दिसलं होतं मला. मोठ्या घरचा माणूस, आवाज मोठा. मी त्याला एक शब्द बोलले नाही. माझ्या मागं एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा दोन कॅन घेऊन उभा होता, त्याचा कॅन माझ्या पायाला लागला, आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की तो दचकून मागं सरला आणि त्याचा भरलेला कॅन कलंडला. पाच-सहा लिटर पाणी मातीत गेलं. त्या दिवसांत पाच-सहा लिटर! त्या पोराचं तोंड मला अजून दिसतं. माझी घागर तशीही भरलीच होती.

म्हणून पाण्याच्या टेबलावर मला कुणी बोलावलं की मी जाते. आणि म्हणूनच काल तू फेकलेल्या त्या अर्ध्या ग्लासाकडं मी बराच वेळ बघत होते.

आता त्या माणसाचं. तुझं म्हणणं आहे की अशा लोकांना तिथल्या तिथं दाखवायला पाहिजे. मी त्या टेबलामागून तीन तास माणसं बघितली, त्यावरून सांगते.

सोळाव्या किलोमीटरला जवळजवळ सगळेच तुसडे असतात. त्यात वेगळं काही नाही. घाम गेलेला असतो, मीठ गेलेलं असतं, पोटात काही नसतं आणि मेंदूला तर साखरच लागते. मधुमेहाच्या पेशंटची साखर उतरली की गरीब गाय असलेला माणूससुद्धा कसा अंगावर येतो, हे मी कितीदा बघितलंय, आणि साखर-पाणी दिलं की थोड्याच वेळात तोच माणूस हात जोडतो. शर्यतीतही तसंच. कुणी खेकसतं, ‘अहो पाणी कुठंय’ म्हणून ओरडतं, थुंकीही उडते. पण यातले पुष्कळ जण चार पावलांवर मान वळवून हात वर करतात. एकजण तर परत येऊन ‘सॉरी मावशी’ म्हणून गेला, त्याची तेवढी सेकंदं गेली. हा थकव्याचा उद्धटपणा. तो आल्या पावली सोडून द्यायचा, मनात ठेवायचाच नाही.

दुसरा प्रकार सवयीचा. तो पहिल्या किलोमीटरलाच दिसतो, अंग ताजं असताना. तुझा निळा टी-शर्ट त्यातला. स्टार्टलाच धक्के मारत होता म्हणालास ना? तुम्हा सगळ्यांच्या बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराला, चिप असते, स्टार्टच्या मॅटवर पाय पडला की तुमचं घड्याळ सुरू. मग गर्दीत दहा ओळी पुढं घुसून त्याला मिळालं काय? बक्षिसाला धावणारे पुढं वेगळे उभे असतात, तो त्यांच्यातला नव्हताच. म्हणजे त्याला वेळ नको होती, पुढं असल्याचं दाखवायचं होतं. अशा माणसाला पळून हरवता येत नाही. तू पुढं गेलास तर तो परत धक्का मारेल, मागं राहिलास तर त्याचंच खरं झालं.

आणि तू केलंस काय? तुझं घड्याळ तूच मला दाखवलंस. चौदा किलोमीटर सव्वापाचच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच मिनिटं, दोरी धरल्यासारखं सरळ. धक्का बसल्यावर दोन किलोमीटर चार-चाळीसनं. त्याच्या मागं. सोळाव्याला माझ्या टेबलावर आलास तेव्हा तुझे ओठ पांढरे होते आणि खांदे कानाला लागलेले, आई म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते. पुढचे पाच किलोमीटर पावणेसातनं ओढलेस. एक तास पन्नास मिनिटांची शर्यत एक तास सत्तावन्नला संपली. झेपतं त्याच्या वर पळालं की पायातला साखरेचा साठा झपाट्यानं जळतो आणि तो धावता धावता परत भरत नाही, हे मला तुझ्याकडूनच कळलं, मागच्या वर्षी पुस्तक आणून तूच समजावलं होतंस. धक्क्यानं तुझे फार तर चार-पाच सेकंद गेले असतील. सात मिनिटं गेली ती त्या माणसाला मनात धरून पळाल्यानं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं तुला सांगायला नको, तू त्याच्या शर्यती रात्री जागून बघतोस. तरी 2019 चं दोहा आठव. जागतिक स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत पुढचे धावपटू अडखळून पडले, याची वाट दोनदा अडली, लय तुटली, आणि तो सातवा आला. म्हणजे बाहेर. भारतीय संघानं रीतसर निषेध नोंदवला, पंचांनी तपासलं, वाट अडल्याचं मान्य केलं आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तीन दिवसांनी त्या अंतिम फेरीत तो तेरावा आला, पण 8 मिनिटं 21.37 सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता घेऊन. प्राथमिक फेरीत ज्याच्यामुळं अडला त्याच्या मागं तो पळाला नाही, रेषेकडं पळाला. तक्रार कागदावर गेली, पाय आपल्या कामाला लागले. मला हे फार आवडतं. आपल्या बीड-लातूरकडं लहानपणापासून शिकवतात, अन्याय झाला की आवाज चढवायचा. कधी कधी तो चढवावाही लागतो. पण आवाज आणि कागद दोन्ही हाताशी असतील तर आधी कागद.

तुझ्या शर्यतीत पंच नसतात, मान्य. पण वाटेवर लक्ष ठेवणारे मार्शल असतात, प्रत्येक यू-टर्नला एक तरी असतो. धक्का बसला, तू पडला असतास, मागच्याच्या पायाखाली आला असतास. ही नुसत्या उद्धटपणाची गोष्ट नाही, जिवाची आहे. अशा वेळी गप्प बसायचं मी सांगणार नाही. तिथंच एकदा, मोठ्यानं, स्पष्ट बोलायचं: ‘धक्का मारू नका.’ एवढंच. शिवी नाही, आई-बाप नाही, दुसरं वाक्य नाही. बिबचा नंबर लक्षात ठेवायचा, मार्शलला सांगायचा, आणि पुन्हा सव्वापाच. घरी आल्यावर आयोजकांना लिहून कळवायचं, कुठं, किती वाजता, काय झालं. यू-टर्नचे फोटो काढणारे असतात, त्यांच्याकडं ते सापडेलही. तीन-चार जणांनी असं कळवलं तर पुढच्या वर्षी त्याचं नाव घेताना कुणीतरी विचार करेल.

काल तू हे केलं नाहीस. तू त्याचा बिबसकटचा फोटो धावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलास, खाली जे लिहिलंस ते मला तुझ्या मावसभावानं दाखवलं. रात्रीपर्यंत त्यावर साठ-सत्तर जणांनी तोंडसुख घेतलं होतं. कुणीतरी तो कुठल्या दुकानात बसतो तेही शोधून काढलं. सोन्या, त्याला घरी लेकरं असतील. तो चुकला, त्याची शिक्षा त्याच्या दुकानासमोर गर्दी जमवून करायची नाही. तो फोटो आज काढून टाक. आयोजकांना मेल कर. तुला भाषा सुचत नसेल तर बाबांना विचार, त्यांनी जन्मभर अर्जच लिहिलेत.

टेबलामागून दिसलेलं आणखी एक सांगायचं राहिलं. अगदी शेवटी, कटऑफच्या, म्हणजे शर्यत बंद करायच्या वेळेच्या जवळ, एक साठीच्या बाई आल्या. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस, पायात साधे कॅनव्हासचे बूट, चालत-पळत. बहुतेक त्याच ‘बागेत जा’ वाल्या बाई, मी विचारलं नाही. तोपर्यंत आमचं पाणी संपत आलेलं. त्या पोरीनं शेवटचा जार वाकवून एक ग्लास पूर्ण भरला, काठोकाठ, आणि दोन्ही हातांनी दिला. बाईंनी उभं राहून पिला, ग्लास ड्रममध्ये टाकला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाल्या. ‘अर्धा’ म्हणून कुणी रागावलं होतं म्हणून तिनं काठोकाठ भरला, हे मला कळत होतं.

तुझे बाबा म्हणतात, लेकराला एवढं लागेल असं लिहू नको, पुढच्या महिन्यात त्याची 200 किलोमीटरची सायकल ब्रेव्हे आहे. मला तर ब्रेव्हेचं बरं वाटलं. तिथं साडेतेरा तासांत पूर्ण करायचं एवढंच, पहिला-दुसरा नंबर नाहीच, असं तू सांगितलंस. मग तिथं कुणी पुढं गेलं, कुणी कट मारला तरी मागं लागायचं कारण नाही. रात्री अंधारात मागून कुणी येत असेल तर डावीकडं होऊन जाऊ दे. आणि चहाच्या टपरीवर जो पोरगा पाण्याचा जग आणून ठेवतो, त्याच्याशी कसं बोलतोस तेवढं स्वतःच ऐक. पहिल्या टपरीवर नाही, शेवटच्या टपरीवर.

खायचं मधे मधे खात जा. दर तासाला काहीतरी. केळी, चिक्की, काहीही. पोट रिकामं झालं की तुझा स्वभाव बदलतो, हे तू दोन वर्षांचा होतास तेव्हापासूनचं आहे. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत घालून प्यायचं नाही.

पुढच्या शुक्रवारी येळवस, शेतातली वेळा अमावास्येची पंगत. तू येतोयस हे गृहीत धरलंय, मामाही येणार आहेत. पूजेची कडब्याची कोप बाबा गुरुवारीच घालून येतील. ज्वारी कंबरेच्या वर आलीय, हरभऱ्याला घाटे धरलेत. भज्जीच्या मिसळ भाजीला तुरीच्या ओल्या शेंगा आपल्याच बांधावरच्या, वालाच्या शेंगा मात्र विकत आणाव्या लागतील.

त्या पोरीला आणि तिच्या आईला मी शेतात जेवायला बोलावलंय. आई भाजी विकते, रयतू बाजारात बसते. त्या दिवशी सुट्टी घेते म्हणाली. तू कोण आहेस ते मी अजून सांगितलं नाही, ते तूच सांग. पंगतीत आंबील वाढायचं काम दरवर्षी बाबांकडं असतं, यंदा त्यांची कंबर दुखतेय. मडकं जड असतं, पण तुला झेपेल.

तुझी
आई